दोन किलो सहाशे

माणूस जन्माला आला की त्याच्याविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: ‘किती किलोचं?’ मुलगा की मुलगी ते फोनवरच कळलेलं असतं, नाव ठेवायला बारा दिवस असतात, स्वभाव उलगडायला तर साठ वर्षंही पुरत नाहीत. मग हाती धरायला उरतं ते वजन. माझा नातू आषाढातल्या एका पहाटे पुण्यात जन्मला आणि न्याहारीच्या आत अख्ख्या विंझरला ठाऊक झालं की गुरुजींचा नातू दोन किलो सहाशे ग्रॅम भरला. चौतीस वर्षं मी वेल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरांकडून किलोग्रॅमची कोष्टकं घोकून घेतली. तरी ओट्यावर येऊन कुणी ‘बरं आहे की वजन’ म्हणालं की मी खुलायचो आणि कुणी ‘जरा हलकंच, न्हाई?’ म्हणालं की खचायचो. एकच आकडा दिवसभरात पावसातल्या दारासारखा कधी फुगत होता, कधी आकसत होता.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. देशात किलो आला १९५८ साली. आमच्या माजघराच्या उंबऱ्याबाहेर तो अजून ताटकळत उभा आहे. “मला पायलीत सांग,” आई म्हणाली. पायलीने भात मोजतात, तिने वजन होत नाही, असं मी समजावू लागलो, तर म्हणाली, “मग पणतू काय बाजारात इकायचाय व्हय?” यावर कुठल्याही कोष्टकात उत्तर नव्हतं.

तसं या मोजामापाला नऊ महिने आधीच सुरुवात झाली होती. जावईबापूंच्या मोबाईलमध्ये एक अॅप होतं. ते दर आठवड्याला पोटातलं बाळ कोणत्या फळाएवढं झालं ते सांगायचं. आरंभी वाटाणा, लिंबू वगैरे ओळखीची मंडळी आली तोवर ठीक होतं. मग एका रविवारी लेकीने फोनवर सांगितलं की बाळ अॅव्होकॅडोएवढं झालंय. आईने ते फळ मला विचारलं, मी शेजारच्या कॉलेजातल्या पोराला विचारलं, त्याने चित्र दाखवलं आणि शेवटी घराने एकमताने ‘रायवळ आंबा’ हा निकाल दिला. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं, लेकीला फुलांनी इतकं मढवलं की कॅमेऱ्याला चेहरा शोधावा लागला. तिला त्या दिवशी खरं तर फक्त चिंचेचं सार आणि थोडी झोप हवी होती. सार मिळालं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम विंझरमध्ये अजून पाळला जातो. तिसऱ्या दिवशी जावयांनी गाडी अशी चालवत आणली, जणू मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेली घागर ठेवली आहे. नसरापूर फाट्याला आत वळल्यापासून मार्गासनीपर्यंत मागच्या बैलगाडीवाल्यानेही शिंग वाजवलं असतं, जर त्याच्याकडे असतं. राजगड ढगांत बुडाला होता. आमच्या तालुक्याचंही अलीकडेच बारसं झालं, वेल्ह्याचा ‘राजगड’ झाला; पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून जुनंच नाव येतं, घरात एखाद्या साहेबाला ‘बाळ्या’ म्हणतात तसं.

त्याच संध्याकाळी आशाताई आल्या. ‘आशा’ हे त्यांच्या पदाचं नाव आहे, सरकारने २००५ साली काढलेलं. त्यांचं स्वतःचं नाव वेगळंच आहे आणि ते मतदारयादी सोडून कुठे वापरात नाही. त्यांनी पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला, त्याला कापडाची झोळी अडकवली, झोळीत आमचं गाठोडं ठेवलं आणि काटा हाताने उंच धरला. सगळं घर श्वास रोखून उभं. दोन किलो चारशे पन्नास! तीन दिवसांत दीडशे ग्रॅम गायब. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते दीडशे ग्रॅम मीच कुठे तरी गहाण टाकले असावेत.

“अहो, उतरतंच,” आशाताई शांतपणे म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन दहाव्या हिश्शापर्यंत उतरू शकतं आणि दोन आठवड्यांच्या आत ते परत येतं. पहिल्या दिवशी त्याला एका वेळेला लागतं ते चहाच्या चमच्याएवढं दूध. त्याचं पोट ते केवढं! मला आमच्या डोंगरावरचं करवंद आठवलं. एवढ्याशा करवंदासाठी आम्ही घरभर दुधाची चिंता मांडून बसलो होतो. ‘पुरत नसेल’, ‘अंगावर येत नसेल’, ‘वरचं सुरू करा’ असे सल्ले दारातल्या चपलांइतके साचले होते, आणि चपलांसारखेच ओले होते.

आशाताईंचं येणं ठरलेलं असतं: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. मला हा सातचा पाढा फार आवडला. पस्तीस गाळून थेट बेचाळीसवर उडी मारणारे विद्यार्थी मी वर्गात पुष्कळ पाहिले होते. सरकार त्यांच्यापैकीच निघेल असं वाटलं नव्हतं. पण गंमत बाजूला. घरोघर जाऊन नवजात बाळाला सांभाळण्याची ही रीत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत रुजली. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या साध्या बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला, तेव्हा त्या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११पासून देशभरच्या आशा तोच काटा, तोच थर्मामीटर घेऊन हिंडू लागल्या. एका घराच्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्यावर मिळायचे अडीचशे रुपये. आमच्याकडे बाळाला पाहायला आलेल्या मावशींनी एवढ्याची नुसती बिस्किटं आणली होती.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. तिच्या सोयीसाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं. घरात पेन शोधायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी सवयीने खिशातलं लाल पेन काढून दिलं. आईने ते परत केलं. “तिला लिहायचंय,” ती म्हणाली, “तपासायचं न्हाई.”

बाळंतिणीच्या घरात पुरुष म्हणजे लग्नातल्या जादा पाटासारखा. कुणी टाकून देत नाही, पण तो जिथे असेल तिथे पायात येतो. त्यातून लावणीचे दिवस. सगळ्या बायका गुडघाभर चिखलात, आज यांच्या खाचरात तर उद्या त्यांच्या. आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात: आज तू माझ्याकडे ये, उद्या मी तुझ्याकडे येईन, मजुरीचा हिशेब नाही, फक्त जेवण. पूर्वी बाळंतपणंही इर्जिकीनेच व्हायची. एकीने पाणी तापवायचं, एकीने थोरल्या पोरांना जेवू घालायचं, एकीने रात्री उशाशी लवंडायचं, आणि पुढच्या साली यांच्यातल्याच कुणाची तरी पाळी. आता माणसं पुण्याला गेली, इर्जिकीत सौभाग्यवती, आई आणि मी एवढेच उरलो. म्हणून निवृत्तीनंतर तीन वर्षं वर्तमानपत्र वाचणारे गुरुजी अळीव निवडायला, नारळ खवायला आणि दुपटी वाळवायला बसले. वेल्ह्याच्या पावसात दुपटं वाळवणं ही साधी गोष्ट नव्हे. चुलीवर दोरी बांधली, दोरीवर झबली, टोपडी, कुंच्या. आणि नातवाच्या अंगाला आयुष्यातला पहिला वास लागला तो धुराचा. तो वास मला फार ओळखीचा वाटला. बहुधा माझाही तोच होता.

त्या आठवड्यात शेजाऱ्यांची गाय व्याली आणि वाटीभर चीक आला. सौभाग्यवतींनी गूळ-वेलची घालून खरवस केला. मी तिसरी वडी उचलत असताना आशाताई लेकीला सांगत होत्या, पहिलं पिवळसर दूध, तो चीक, बाळासाठी लसीसारखा असतो. तासाभराच्या आत द्यायचा असतो. कोपऱ्यात बसलेली आई खाली पाहत म्हणाली, “आमच्या येळंला तो पिळून टाकायचे. तीन दिस साखरपाणी.” मग माझ्याकडे बघून, “ह्याचाबी टाकला.” माझ्या हातातली वडी हातातच राहिली. म्हणजे गाईचा चीक आम्ही वाटीवाटीने गावभर पाठवला, गूळ घालून उकडला, सणासारखा खाल्ला. आणि माणसाचा तेवढा अशुभ म्हणून ओतून दिला. मॅट्रिकला गणितात मला काठावर पास केलं गेलं, त्याचं कारण मला बासष्टाव्या वर्षी समजलं. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून मी विनोद गिळला आणि वडी तिच्या वाटीत ठेवली.

तिला आणखी एक धक्का बसायचा होता. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं आशाताईंनी सांगितलं तेव्हा तिची सहाण धुऊन तयार होती. बाळहिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड यांचं गाठोडं तिने कुठल्याशा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात जपून ठेवलं होतं. त्यातलं हळकुंड माझ्या वेळचं होतं असा मला संशय आहे. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे सहाणेचा खर्र खर्र आवाज आला. मी कायद्याचा माणूस, लगबगीने उठलो. आई चुलीपुढे बसली होती. हिरड्याचे चार वळसे, जायफळाचे दोन, ठरल्याप्रमाणे. मग बोटाने सगळी गुटी गोळा करून तिने स्वतःच चाटली. “हाताला सवय हाय,” ती म्हणाली, “आन् माझंबी पोट हायच की.” तेव्हापासून रोज पहाटे ती बाळाच्या नावाने गुटी उगाळते आणि स्वतः घेते. तिचं पोट उत्तम आहे.

चौदाव्या दिवशी काट्याने दोन किलो सहाशे पन्नास दाखवले. हरवलेले ग्रॅम व्याजासकट परत आले होते. घरात असा आनंद झाला की जणू पोरगं स्कॉलरशिपच्या परीक्षेत आलं. येणारे-जाणारे आता मोठ्याने विचारत, आम्ही मोठ्याने सांगत असू. लेक बाजेवर बसलेली असायची, कानाला रुमाल, मांडीवर बाळ. ती हसायची. जरा उशिराने हसायची, दुसऱ्या गावाहून फोनवर हसल्यासारखी. हे मला आता आठवतं.

ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. अंगणवाडीत कार्यक्रम होता. गावात कुठलाही कार्यक्रम असला की भाषणाला निवृत्त शिक्षक लागतो. विषय कोणता हे दुय्यम असतं. म्हणून मी, ज्याने आयुष्यात एकदाही बाळ पाजलं नाही, समोर बसलेल्या वीस-बावीस लेकुरवाळ्या बायकांना स्तनपानावर चार शब्द सांगायला उभा राहिलो. त्या किती सोसून ऐकत होत्या! मग मी इतिहासाच्या आडोशाला गेलो. म्हटलं, आपल्या राजगडावर २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराज जन्मले, ते पालथे. भोवतालची माणसं कुजबुजू लागली. तेव्हा शिवाजी महाराज म्हणाले की हा मुलगा पातशाही पालथी घालील, असं बखरीत आहे. बाळंतघरात आलेल्या चिंतातुर पाहुण्यांना इतकं नेमकं उत्तर त्यानंतर कुणाला सुचलं नसावं. बायका हसल्या. मला जोर चढला. मी धाराऊची गोष्ट सांगितली. १४ मे १६५७ला पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाई आजारी, अंगावर दूध येईना. तेव्हा आपल्या नसरापूरच्या पलीकडे हायवेवरचं जे कापूरहोळ, तिथल्या गाड्यांच्या घरातली धाराऊ दूधआई म्हणून आली. तिची मुलं, अंतोजी आणि रायाजी, राजांचे दूधभाऊ झाले. टाळ्या झाल्या. अंगणवाडीच्या ताईंनी मला गुलाबाचं फूल आणि राजगिऱ्याचा लाडू दिला.

त्या रात्री वीज गेली. पाऊस कौलांवर असा पडत होता की कुणी तरी वरून सुपाने भात पाखडत असावं. मी कंदील घेऊन दुपटी उलटवायला उठलो, तर लेक बाजेवर बसून होती. बाळ गाढ झोपलेलं. ती रडत होती. आवाज न करता, वर्गात मार खाल्लेली मोठी मुलं रडतात तशी. “पाणी देऊ का?” मी विचारलं. बापाला सुचणारं एवढंच. ती म्हणाली, “अण्णा, तो झोपला तरी मला झोप येत नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि मला त्याच्याकडे बघून काही वाटतच नाही. सगळे एवढे खूश आहेत. मीच बघत राहते, हे कुणाचं आहे म्हणून.”

दुपारी टाळ्या घेतलेल्या तोंडातून एक शब्द निघेना. धाराऊची गोष्ट किती ऐटीत सांगितली होती मी! तिच्यात सईबाईंच्या वाट्याला आलं होतं अर्धं वाक्य. आजारी, दूध येईना. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, ५ सप्टेंबर १६५९ला त्या राजगडावर गेल्या. या दोन तारखांच्या मधल्या रात्री कशा होत्या, आपलं बाळ दुसरीच्या पदराखाली शांत होताना पाहून त्या बाईला काय वाटलं असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. लेकीच्या बाजेजवळच्या खिडकीतून दिवसा राजगड दिसतो. मी तो वर्गाच्या भिंतीवरच्या नकाशासारखा पाहत आलो होतो.

आई केव्हा उठली कळलं नाही. ती येऊन बाजेच्या कडेला बसली आणि लेकीचे पाय मांडीवर घेऊन चोळू लागली. “तुझ्या आत्याच्या टायमाला मी गोठ्यात जाऊन बसायची,” ती म्हणाली. “रोज रातीला. गाय कायबी इचारायची न्हाई.” पासष्ट वर्षांची कमाई असावी तशी ही गोष्ट तिने जपून ठेवली होती; मी, तिचा मुलगा, पहिल्यांदा ऐकत होतो. लेकीने डोळे पुसले. “आणि मग?” तिने विचारलं. “मग काय. एकदा सासूबाई आल्या मागनं. म्हनल्या, पोरीला मी घेते, तू निज. दोन दिस निजले.”

एकविसाव्या दिवशी आशाताईंनी वजन केलं खरं, पण आकडा लिहून झाल्यावर काटा पिशवीत ठेवला आणि दार लोटून घेतलं. तासभर आत बोलणं चाललं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी मला आणि सौभाग्यवतींना समोर बसवलं, मी पालकांना बसवायचो तसं. पहिले पंधरा दिवस जीव हळवा होतो, येतं-जातं. त्यापुढेही राहिलं तर तो आजार असतो, लाड नव्हे, आणि त्याला औषध असतं. बाहेरचं म्हणून अंगारे-धुपारे करू नका. डॉक्टरांकडे न्या. कालनिर्णयाच्या समासात त्यांनी एक नंबर लिहिला, १४४१६. ही टेलिमानस, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. आमच्या घरात फोनला रेंज येते ती फक्त ओट्याच्या उजव्या टोकाला. तिथे छत्री धरून लेक अर्धा तास बोलत उभी होती आणि तेवढा वेळ मी दारात ‘आत्ता नको, बाळंतीण बोलतेय’ असं सांगत पाहुणे परतवत होतो. जादा पाटाला इतकं मानाचं काम प्रथमच मिळालं. पुढे पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. जावई शनिवारऐवजी गुरुवारी येऊ लागले, घरून काम करतो म्हणत ओट्याच्या त्याच टोकाला लॅपटॉप घेऊन बसू लागले. रात्री पाजून झालं की बाळ आईच्या कुशीत, म्हणजे पणजीच्या. आणि लेक आतल्या खोलीत, कडी लावून, सलग चार तास. इर्जिकीचं वेळापत्रक मीच आखलं, तांबड्या-निळ्या शाईत.

वजन काय, वाढत होतंच. लेकीचं हसणं मात्र कुठल्या काट्यावर दिसलं नाही. एका दुपारी नातवाने पणजीच्या पातळावर नेम धरून धार सोडली आणि आतून खळखळून आवाज आला. तो उशिराने आलेला नव्हता, तेव्हाचा तेव्हा होता. सौभाग्यवतींच्या हातातून झारा पडला.

बेचाळिसावा दिवस ऋषिपंचमीला आला. लावणी केव्हाच संपली होती, खाचरं हिरवी झाली होती, राजगडाचा बालेकिल्ला महिन्याभराने उघडा दिसत होता. झोळीत नातू हातपाय झाडू लागला, काटा ठरेना. शेवटी तीन किलो सहाशे पन्नास. “म्हंजी पायलीला किती?” आईने विचारलं. आशाताईंनी रजिस्टर मिटलं. ही शेवटची फेरी. त्या उठल्या तेव्हा लेक म्हणाली, “ताई, बसा ना. चहा टाकते.” आणि चहा खरंच तिने टाकला. कप पुढे ठेवताना विचारलं, “तुमचं थोरलं किती किलोचं होतं हो?”

आशाताई हसल्या. पदराने कपाची कड पुसत राहिल्या. “कुणाला ठाऊक,” त्या म्हणाल्या. “लावणीच्या दिवसांत झालं. घरात कुणी नव्हतंच. मोजायचं राहिलं.”

पाऊस पुन्हा भुरभुरू लागला होता. आई उठली, डबा उघडून अळिवाचे दोन लाडू काढले, फडक्यात ठेवले. मग गाठ न मारता फडकं तळहातावर घेऊन तिने ते दोनदा वरखाली केलं, डोळे मिटून, ती भोपळा घेताना करते तसं. आणि आणखी एक लाडू त्यात घातला.